रेघ नसलेली काच

काचेत पाण्याची रेघ दिसत नव्हती. वरपासून खालपर्यंत काच नुसती स्वच्छ. भट्टीत लाकडं धडधडून पेटलेली आणि प्रेशरचा काटा नेहमीच्या जागी. सिद्धाराम मला बघून हसला.

"या मामा! पाणी फुल हाय बगा. आत्ताच पंप बंद केला."

मी हसलो नाही, पुन्हा काचेकडे बघितलं.

बॉयलर न बघितलेल्यांसाठी सांगतो. टॉवेल रंगवायला वाफ लागते. ती करणारी ही लोखंडी बंद टाकी. आत पाणी किती आहे ते कळावं म्हणून बाहेर एक उभी काचेची नळी असते, गेज ग्लास. तिच्यात पाण्याची रेघ दिसते. पण काच काठोकाठ भरली तरी रेघ दिसत नाही आणि पार रिकामी झाली तरी दिसत नाही. दोन्ही काचा हुबेहूब सारख्या. भरलेली असेल तर फारसं बिघडत नाही. रिकामी असेल तर आतल्या नळ्या तापून लाल झालेल्या असतात. त्यांच्यावर गार पाणी पडलं तर एकदम वाफ होते आणि बॉयलर फुटतो.

भिंतीपलीकडे शिलाईचा हॉल. तिथं तीसेक बायका टॉवेलच्या कडा मारतात. त्यातली एक सुनंदा, माझी बायको.

आणि मी तर त्या कारखान्याचा नोकरही नव्हतो. आधी तिथं बॉयलर चालवायचो, पण पाच महिन्यांपूर्वी राजीनामा दिला होता. पाणी कमी झालं की भोंगा वाजतो आणि भट्टीचा पंखा आपोआप बंद पडतो, अशी एक सोय बॉयलरला असते. भोंगा सारखा वाजून काम अडतं म्हणून मालकांनी वायर जोडून ती सोयच बंद करून टाकली. मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "गायकवाड, एवढं भ्या वाटत असेल तर घरी बसा." मी बसलो. नंतर एका कॉलेजात पाण्याचे पंप चालू-बंद करायचं काम धरलं. माझ्या जागी त्यांनी सिद्धारामला उभं केलं. तो माझा फायरमन, म्हणजे भट्टीत लाकूड टाकणारा. बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट त्याच्याकडे नाही.

मग मालकांचाच फोन आला, "येऊन बसा एकदा, परत कामावर यायचं बोलू." मी नाही म्हणायलाच आलो होतो. ते अजून पोचले नव्हते. जुन्या सवयीनं पाय बॉयलरकडे वळले, एवढंच.

काचेच्या खाली एक तोटी असते. ती उघडली की खरं काय ते कळतं. मी उघडली. पाणी आलं नाही. नुसती कोरडी वाफ फुसफुसली.

सिद्धारामचं तोंड पडलं. त्याचा हात पंपाच्या बटणाकडे गेला.

"हात लावू नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "पाणी अजिबात नको! पंखा बंद कर. राख आन, वाळू आन, टाक भट्टीत!"

त्यानं पंखा बंद केला. मी धुराड्याची झडप ओढली. सुपरवायझर दारात आला होता, त्याला म्हटलं, "हॉल रिकामा करा. सगळ्यांना गेटबाहेर काढा." तो विचारायला लागला, का म्हणून. मी म्हटलं, "आधी काढा, मग विचारा."

आम्ही दोघं राखेची घमेली ओतत होतो. खरं सांगतो, पळून जावंसं वाटलं. दार चार पावलांवर होतं. पलीकडून शिलाई मशिनांचा आवाज येत होता, तो थांबेपर्यंत मी दाराकडे बघितलं नाही. मग एकेक मशीन थांबलं. सगळं शांत झालं तेव्हा मला जास्तच भीती वाटली, कारण आता फक्त बॉयलरचा आवाज येत होता.

आग दबली. काटा हळूहळू खाली येऊ लागला. बॉयलर फुटला नाही.

मालक आले. गेटबाहेर सगळा कारखाना उभा बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उद्यापासून या. तुम्ही म्हणाल तसं करू. सगळं कबूल."

माणूस इतक्या पटकन कबूल झाला की मला त्याचीच धास्ती वाटली. मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

बाहेर लिंबाखाली सिद्धाराम डोकं धरून बसला होता. मी त्याच्यावर तोंड सोडलं. "सहा वर्षं माझ्याजवळ काढलीस. तोटी उघडून बघायची अक्कल न्हाय तुला?"

त्यानं मान वर केली. "मामा, सा वर्षांत तुमी कदी त्या तोटीला हात लावू दिला का मला? मी जवळ आलो की म्हणायचा, तू लाकडाचं बघ. काच माजी हाय."

तो खरं बोलत होता. आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. हाताखालच्याला सगळं शिकवलं की मालक त्याला कमी पगारात उभा करतो आणि आपल्याला घरी पाठवतो. मला माझ्या उस्तादानंही तसंच राखून शिकवलं होतं. काच मी चोरून बघून शिकलो. सिद्धाराम बिचारा सरळ माणूस, तो चोरून बघत बसला नाही.

त्या संध्याकाळी आमच्या गावी, कुंभारीला, घरी गेलो तर सुनंदा भाकरी थापत होती. मी म्हटलं, "तू ते काम सोड. मीबी जात न्हाय तितं."

"तुमी सोडलं तवा मला इचारलं व्हतं का?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आन मी सोडलं तरी बाकीच्या बसणारच की तितं. शेजारची शांता हाय, तिची लेक हाय. त्यांना काय सांगू?"

चार दिवस मी घोळ घातला. कॉलेजातलं काम सुखाचं होतं. पंप बिघडला तर फार तर नळाला पाणी येणार नाही. बॉयलरच्या नुसत्या आठवणीनं तळहाताला घाम यायचा. पण डोळे मिटले की सिद्धारामचा बटणाकडे गेलेला हात दिसायचा. पाचव्या दिवशी मालकांना भेटलो, बॉयलर तोवर गारच होता. मी अटी घातल्या. भोंग्याची वायर माझ्यासमोर काढायची, सरकारी बॉयलर इन्स्पेक्टरला बोलावून तपासल्याशिवाय बॉयलर पेटवायचा नाही, आणि सिद्धाराम कामावर राहणार. मालक त्याला काढायला निघाले होते.

"ज्यानं एवढा घोळ केला त्याला ठेवू?"

"त्याला मी शिकवलं नव्हतं. त्याला काढणार असाल तर मी येत नाही."

इन्स्पेक्टरला काही नळ्या वाकलेल्या सापडल्या. कारखाना तीन आठवडे बंद राहिला. शिलाईतल्या बायका सुनंदाशी बोलेनात, तुझ्या नवऱ्यानं आमचं काम घालवलं म्हणून. मग बॉयलर पुन्हा पेटला. मी पुन्हा रुजू झालो.

आता रोज शिफ्ट सुरू होताना तोटी सिद्धाराम उघडतो. मी मागे उभा राहतो. पुढच्या वेळी तो सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटच्या सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसणार आहे. दुपारच्या जेवणात मी त्याचा अभ्यास घेतो. मला येतं ते सगळं सांगतो, हातचं काही राखत नाही. तो पास झाला की मालकांना माझी गरज उरणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याची भीती वाटते. पण हातचं राखून शिकवलं तर काय होतं ते मी बघितलंय, आणि त्या दिवशी भिंतीपलीकडे सुनंदा होती.