जुन्या बिजागऱ्यांवरचं नवं दार

वहिनी गाडीला हात लावायच्या आधी तिच्यावर चादर घालतात. धूळ बसू नये म्हणून नव्हे हो. धुऊन धुऊन मऊ पडलेली जुनी चादर, ती गाडीच्या अंगावर चापूनचोपून बसवायची, जागोजाग लोहचुंबक लावायचे आणि शिंप्याचा खडू घेऊन रेघा मारत सुटायचं. नवं गिऱ्हाईक हे बघून हादरतं. आपण डेंटिंग-पेंटिंगच्या वर्कशॉपमध्ये आलो की चुकून टेलरकडे, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं. वहिनी लक्ष देत नाहीत. तोंडात खडू धरून त्या गाडीभोवती फिरत असतात, आणि त्या वेळी त्यांच्याशी बोलायला जाणारा माणूस मूर्ख तरी असतो किंवा नवीन तरी.

त्याचं कारण असं, की त्यांची आई लोकांचे कपडे शिवायची. वहिनी मशीनच्या पायाशीच मोठ्या झाल्या. लग्न होऊन आल्या त्या मात्र पत्रे ठोकणाऱ्यांच्या घरात. नवऱ्याचा जीव इंजिनात, तो पलीकडच्या गॅरेजमध्ये रमलेला. धाकट्या दिराचा जीव रंगात. पत्रा होता तो सासऱ्यांकडे, आणि सासऱ्यांच्या नाकावर कायम राग. त्यांच्या हातोडीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. नव्या सूनबाई एकदा चहा द्यायला आल्या, तर सासरे एकच मडगार्ड पुन्हा पुन्हा ठोकून घामाघूम झालेले. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, इथे कापड जास्त झालंय. कितीही ठोका, चुणी पडणारच."

सासऱ्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाईंच्या पुढ्यात हातोडी आणि वाळूची पिशवी आणून ठेवली. त्या दिवसापासून घरात शिवणयंत्र कमी आणि वर्कशॉपमध्ये ठोकाठोक जास्त. पुढे सासरे गेले, वर्कशॉप वहिनींकडे आलं. त्यांच्याहून मोठे, टक्कल पडलेले मेकॅनिकसुद्धा त्यांना वहिनीच म्हणतात.

वहिनींचा एक नियम आहे, आणि त्यापायी त्यांनी चांगली चांगली गिऱ्हाइकं घालवलीत. जुन्या गाडीला नवं भोक पाडायचं नाही. जे बसवायचं ते जुन्याच भोकांवर, जुन्याच बोल्टांवर. जे काढाल ते फेकायचं नाही, गुंडाळून फळीवर ठेवायचं. त्यांची आई कपडा शिवताना आतून माया सोडायची. माणूस सुटला तर उसवून सैल करता यावं, वाळला तर आत घेता यावं. "कापून टाकायला काय, कुणीही कापेल," वहिनी म्हणतात. "परत पहिल्यासारखं करून दाखव म्हटलं की सगळ्यांची बोबडी वळते."

तर अशा वहिनींकडे एक दिवस घड्याळवाले काका आले.

काकांचं दुकान नाक्यावर. आयुष्य गेलं ते डोळ्याला भिंग लावून चिमट्यानं बारीक चाकं उचलण्यात. हा माणूस स्पोर्ट्स कार बाळगून आहे, हे कुणाला सांगून पटलं नसतं. पण तरुणपणी कुणीतरी भंगारात काढलेली एक ठोकर खाल्लेली दोन सीटांची गाडी त्यांनी उचलली होती आणि घड्याळासारखी खोलून जोडली होती. लांब नाक, बुटकं अंग, वरती कापडी छप्पर. पुढच्या चाकावरून निघालेली रेघ दारापाशी खाली उतरायची आणि मागच्या चाकावर पुन्हा ऐटीत चढायची. त्या एका रेघेसाठी रस्त्यावरची माणसं अजून मान वळवून बघायची. सुटीच्या दिवशी छप्पर उघडून काका चालवायचे आणि शेजारी काकू. एवढीच काय ती दोघांची चैन.

काकू जिन्यावरून पडल्या आणि गुडघ्याचा चुरा झाला. आत सळ्या घातल्या. पाय अर्धाच वाकायचा. गाडीचं दार इवलंसं, त्यातून आत शिरायचं तर गुडघा छातीशी घ्यावा लागे. गाडी तेव्हापासून उभीच होती.

"दार मोठं करा," काका म्हणाले. "कापा, जोडा, काय वाटेल ते करा. माझा जीव आहे या गाडीवर, पण तिच्याशिवाय मला ती नको. ती पुन्हा शेजारी बसली पाहिजे, बस."

"मी कापत नाही," वहिनी म्हणाल्या. "पण बघते. आधी मला काकूंचं माप हवं."

आता गाडीच्या कामासाठी बाईचं माप घ्यायला घरी जाणारी डेंटर तुम्ही पाहिली नसेल. वहिनी टेप घेऊन गेल्या. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर घड्याळंच घड्याळं आणि प्रत्येक आपापल्या मर्जीनं टिकटिकणारं. काकू खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. टाचेखाली टॉवेल घालून तो दोन्ही हातांनी ओढत होत्या. पाय थोडा वाकायचा, काकू ओठ दाबायच्या, पाय परत सरळ.

"माप घ्यायचं तर घ्या," त्या म्हणाल्या. "पण मी त्या गाडीत बसणार नाही. यांना सांगून थकले. माझ्यापायी तिचं वाटोळं करू नका."

काका स्वयंपाकघरातून म्हणाले, "अगं, वाटोळं कसलं? दार तर मोठं होतंय."

"तुम्ही चहाकडे बघा, उतू जाईल."

काका आत गेल्यावर काकूंनी टॉवेल मांडीवर घेतला आणि आवाज खाली आणला. "बाथरूममध्ये दांडे लावले, मी काही बोलले नाही. पलंग उंच केला, बोलले नाही. आता गाडी कापायची. म्हणजे सगळ्यांनी ठरवूनच टाकलंय ना, की हा पाय काही वाकायचा नाही. डॉक्टर म्हणतो, वाकेलही कदाचित. मी रोज मरणाचा व्यायाम करते. आणि हे माझ्या नवऱ्यानंच ठरवून टाकलं."

वहिनी त्यांच्या गुडघ्यापाशी बसल्या आणि टेप उघडला. कमरेपासून गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून टाचेपर्यंत, पाय जितका वाकतो तितका वाकवून पुन्हा एकदा. काकूंनी माप दिलं. जाताना मात्र पुन्हा म्हणाल्या, "मेहनत फुकट घालवताय हो तुम्ही."

वर्कशॉपमध्ये काकूंच्या बाजूचं दार उतरवलं तेव्हा वहिनींना ती जागा दिसली. दाराच्या वरच्या काठावर, रेघ जिथे सगळ्यात खाली येते तिथे, रंग पार झिजलेला. हिरव्याखाली राखाडी अस्तर आणि त्याखाली पत्र्याची चमक. काकूंचं कोपर. इतकी वर्षं तिथेच टेकलेलं. धाकटे दीर पॉलिश पेपर घेऊन पुढे सरसावले, तशा वहिनी कडाडल्या, "हात लावशील तर बघ." दिरांनी हात मागे घेतला. ते दार चादरीत गुंडाळून फळीवर गेलं.

मग सुरू झालं खरं काम, आणि त्यानं वहिनींचा घाम काढला. दार लांब करायचं तर मागच्या मडगार्डमध्ये शिरायला हवं. मडगार्ड बोल्टांवर होतं, ते सुटलं. दार बंद होताना ज्यात अडकतं तो कुलपाचा खांबही बोल्टांवरच होता, तोही सुटला. इथवर ठीक. पण वहिनींनी दार लांबवून त्याबरोबर उताराचा मध्यही मागे नेला, आणि गाडीची पार रया गेली. ती रेघ अशी लोंबायला लागली, की जुनी खाटच बघावी. दीर चहाचा कप घेऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "वहिनी, छान झालीय. आता मागे शिडी लावू आणि पाव विकायला काढू."

"तू तुझे रंगाचे डबे सांभाळ," वहिनी म्हणाल्या, पण चेहरा पडलाच होता त्यांचा. केलेलं सगळं मोडून त्यांनी पुन्हा पत्रा घेतला. पुन्हा बिघडलं. जेवताना लक्ष नाही, बोलताना लक्ष नाही. नवऱ्यानं विचारलं, तर म्हणे, "शिवण सापडत नाहीये."

आणि सापडली ती त्या बोलण्यातच. वहिनी जेवणावरून उठल्या, वर्कशॉपमध्ये आल्या आणि गाडीच्या दुसऱ्या, न उघडलेल्या बाजूवर चादर घातली. रेघ जशी होती तशी खडूनं उतरवून घेतली, आणि तीच चादर उलटी करून या बाजूला धरली. आपण आकार बदलत बसलो, हे चुकलं. कपड्याचा आकार तसाच ठेवायचा आणि फक्त शिवण सरकवायची. रेघ जिथून चढते तिथूनच चढू दे, फक्त त्या चढाचा तुकडा मडगार्डचा न राहता दाराचा होऊ दे. दाराची फट चाकाच्या गोलाईबरोबर वळवली, की माणसाची नजर चाकावर जाते, फटीवर नाही.

नवं दार तसंच केलं, आणि काय केलं म्हणून सांगू! वाळूच्या पिशवीवर ठोकून, दोन चाकांच्या मशीनमधून पत्रा इकडून तिकडे फिरवून, तळहातानं चाचपून, पुन्हा ठोकून. डोळे मिटून हात फिरवायच्या त्या; डोळ्यांना फसवता येतं म्हणे, हाताला नाही. दार जुन्याच बिजागऱ्यांवर चढलं. नवं मडगार्ड, नवा खांब, सगळं जुन्या भोकांत. ते बंद झालं तेव्हा आवाजही पहिल्यासारखाच आला. दिरांना नव्या दारावर उन्हानं उडालेला, फिकटलेला हिरवा रंग जुळवायला लावला. "आयुष्यात पहिल्यांदा शिळा रंग मारतोय," ते कुरकुरत राहिले, पण जुळवला असा, की स्वतःच दोनदा फसले. दुसऱ्या बाजूचं दार लहानच ठेवलं. गाडीच्या दोन्ही बाजू एकदम बघणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही, असं वहिनींचं म्हणणं.

काकांनी काकूंना टॅक्सीनं आणलं. "नुसती बघायला चल," अशी समजूत घालून. काकू काठी टेकत गाडीभोवती हळूहळू फिरल्या. लहान दाराच्या बाजूनं आल्या, पुढून वळल्या, नव्या दाराजवळ थांबल्या. बराच वेळ त्यांना काही वेगळं दिसलंच नाही. मग त्यांनी हात पुढे केला, सवयीनं, दाराच्या काठावर. बोटं तिथे फिरली आणि थबकली.

"इथली माझी जागा कुठे गेली?"

काकांचं तोंड उतरलं. "अगं, ते दार नवीन आहे ना."

"म्हणजे जुनं गेलं." काकूंनी हात मागे घेतला. "मी म्हटलंच होतं. चला घरी."

वहिनी मध्ये पडल्या नाहीत, समजावत बसल्या नाहीत. फळीकडे गेल्या, जड गाठोडं उचलून आणलं, टेबलावर ठेवलं आणि चादर सोडली. आत जुनं दार, जसंच्या तसं. झिजलेल्या जागेतला पत्रा चमकत होता. फळीवर मागे जुनं मडगार्ड होतं, जुना खांब होता, आणि बोल्ट तेलाच्या फडक्यात बांधलेले होते.

"काकू, गाडीला मी एक ओरखडासुद्धा काढलेला नाही," वहिनी म्हणाल्या. "नवीन दार जुन्याच बोल्टांवर आहे. हे सध्यापुरतं. तुमचा गुडघा वाकला की मला निरोप धाडा, हे उतरवीन आणि तुमचं तुम्हाला चढवून देईन. मी काहीही ठरवलेलं नाही. यांनाही ठरवू दिलेलं नाही."

काकू काठी टेबलाला टेकवून जुन्या दाराजवळ उभ्या राहिल्या आणि झिजलेल्या जागेवर कोपर ठेवलं. कोपर बरोबर बसलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. काकांना तेव्हा कुठे कळलं, की बायको इतके दिवस गाडीसाठी भांडत नव्हती. ते बिचारे हातातल्या टोपीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "चुकलं माझं. मला फक्त तू शेजारी हवी होतीस."

"माहितीये," काकू म्हणाल्या. "दार उघडा."

नवं दार उघडलं. काकू आधी बसल्या, मग ताठ पाय आत घेतला, आणि तो कशालाही न अडता आत गेला. काकांनी गाडी सुरू केली. दिरांनी वर्कशॉपचं फाटक उघडून धरलं.

गाडी फाटकापर्यंत गेली आणि थांबली. काकूंनी मान वळवून टेबलाकडे पाहिलं.

"वहिनी, त्या दाराच्या उघड्या पत्र्याला अधूनमधून तेल लावत जा," त्या म्हणाल्या. "मला ते लागणार आहे."