पुट म्हणजे टाकला की टाक

माझी धाकटी बहीण रोह्याला राहते आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. ही गोष्ट तिच्या नोकरीच्या पाचव्या महिन्यातली. सहा महिने पूर्ण झाल्यावर कायम करायचं की घरी पाठवायचं, हे तिच्या सुपरवायझरच्या शेऱ्यावर ठरणार होतं.

त्या दिवशी सकाळी सातला तिने रात्रपाळीकडून काम घेतलं. रात्रपाळीचा ऑपरेटर गडब गावचा, वयाने मोठा. बस चुकू नये म्हणून तो घाईत निघून गेला होता. लॉगबुकात त्याची शेवटची ओळ इंग्रजीत होती: पुट कॅटॅलिस्ट. दोनच शब्द.

कॅटॅलिस्ट म्हणजे रासायनिक क्रियेला चालना देणारा पदार्थ; इथला पातळ असतो. पिंपातून मापाने काढून रिअॅक्टरमध्ये, म्हणजे माल तयार होतो त्या बंद टाकीत, ओतायचा. पिंप अर्धं होतं, त्यावरून काही कळत नव्हतं. मग रिअॅक्टर तापवायला वाफ सोडायची. ओतलेला नसेल आणि वाफ सोडली, तर माल वाया जाणार. ओतलेला असेल आणि पुन्हा ओतला, तर रिअॅक्टर हाताबाहेर तापणार.

सुपरवायझरने ओळ वाचली. "मॅडम, पुट म्हणजे टाकला. वाफ सोडा. पाचवीचं इंग्रजी हाय."

"पाचवीतच अडलंय माझं, साहेब."

ते खरं होतं. आम्ही पेणच्या शाळेत होतो. ती पाचवीत, मी आठवीत. इंग्रजीच्या तासाला क्रियापदांची रूपं मोठ्याने म्हणायची पद्धत होती: गो-वेंट-गॉन. पुट-पुट-पुट आलं की वर्ग हसायचा. बहिणीने एकदा उभं राहून विचारलं, "बाई, तिन्ही सारखीच, तर काम झालं की व्हायचंय ते कळणार कसं?" बाई म्हणाल्या, "आजूबाजूच्या शब्दांवरून." वर्ग पुन्हा हसला. ती आठवडाभर घरी कुणाशी नीट बोलली नाही.

लॉगबुकात आजूबाजूला शब्दच नव्हते.

तिने गडबच्या ऑपरेटरला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. सुपरवायझर घड्याळाकडे बघत म्हणाला, "बॅच लेट झाली तर कारण म्हणून तुमचं नाव लिहीन."

"लिहा. पण त्याच्याशी बोलल्याशिवाय मी वाफ सोडायची नाय."

चाळीस मिनिटं गेली. मग नागोठण्याच्या स्टँडवरून त्याचाच फोन आला. तिने स्पीकर लावला.

"नाय गो टाकला. तुलाच सांगितलंय ना, पुट. टाक."

"दादा, साहेबांना वाटलं तुम्ही टाकलाय."

"साहेबांना काय पण वाटतं."

"साहेब हितंच हायेत, दादा."

पलीकडून फोन बंद झाला.

तिने मापाने कॅटॅलिस्ट ओतला आणि त्या ओळीखाली मराठीत लिहिलं: कॅटॅलिस्ट टाकला, ७.५५. सुपरवायझर म्हणाला, लॉगबुक इंग्रजीत लिहायचं असतं. ती म्हणाली, इंग्रजीत लिहिलं तर ते परत पुटच होईल. त्याने वही ओढून सही केली. बॅच उशिरा लागल्याचं कारणही त्याने लिहिलं: ऑपरेटरने खात्री केली.

महिनाभराने तिला कायम केल्याचं पत्र मिळालं. पत्रात या सकाळचा उल्लेख नाही.

मी वीस वर्षं वृत्तपत्रात दुसऱ्यांची क्रियापदं तपासली. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी तारांवरून बातम्या करताना हा शब्द शेकडो वेळा डोळ्यांखालून गेला असेल. तिचा प्रश्न मला कधी पडला नाही. वर्ग हसायचा तेव्हा हसणाऱ्यांत मी नव्हतो, एवढंच, कारण माझा वर्ग वेगळा होता. घरी मात्र मी हसलो होतो.

तिच्या प्लांटच्या लॉगबुकात आता पहिल्या पानावर सुपरवायझरच्या अक्षरात एक ओळ आहे: काम झालं असेल तर 'केला', राहिलं असेल तर 'करायचा', मराठीतच लिहावं. मी तिला विचारलं, खाली तुझं नाव आहे का.

"नाय," ती म्हणाली. "कशाला पायजे? सगळ्यांना माहीत हाय."