भामरे सरांविरुद्धचा अर्ज

भामरे सर परत आलेले पुस्तक आधी हुंगत आणि मग उघडत. सिल्वासातील एका महाविद्यालयात ते कंत्राटी ग्रंथपाल होते. विद्यार्थ्याने पुस्तक टेबलावर ठेवले की ते मधोमध पसरवीत, दोन पानांच्या खाचेत नाक घालीत आणि डोळे मिटून क्षणभर थांबत. मग म्हणत, "पन्नास पानं वाचलीस, बरं का. पुढची विडी ओढत नुसती चाळलीस. हात दे भो."

हात पुढे आला की ते पहिल्या दोन बोटांचा वास घेत. वास साधा असला तर तिथल्या तिथे दोन वाक्ये ऐकवून सोडून देत. दुसरा काही असला तर त्या मुलाला मागच्या खोलीत नेऊन दार लावून घेत. त्या खोलीत फाटक्या पुस्तकांची बांधणी चाले. अर्ध्या तासाने मुलगा बाहेर येई तेव्हा त्याच्या हाताला खळ लागलेली असे. आत काय बोलणे झाले ते सर कोणाला सांगत नसत आणि मुलगाही सांगत नसे. पोरे त्यांना 'स्निफर सर' म्हणत. सरांना ते ठाऊक होते. "पोलिसांच्या कुत्र्याला पगार माझ्यापेक्षा जास्त असेल," एवढेच ते म्हणत.

त्यांचा माझा परिचय माझ्या व्यवसायामुळे झाला. मी कलेक्टर कचेरीबाहेर बावीस वर्षे अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले. परंतु मराठी, हिंदी व गुजराती या तिन्ही भाषांत माझा मसुदा कोणत्याही अधिकाऱ्याने भाषेच्या कारणावरून परत पाठविलेला नाही. 'नम्रतापूर्वक परंतु ठामपणे नमूद करतो की' हे वाक्य माझे आहे. ते वाचून आतले कारकून अर्ज कोणाच्या हातचा ते ओळखतात. सर दरवर्षी कंत्राट वाढवून मिळण्याचा अर्ज माझ्याकडूनच लिहून घेत आणि त्या वाक्यापाशी आले की हसत. "भाऊसाहेब, नम्र माणूस ठाम नसतो आणि ठाम माणूस नम्र नसतो. तुमच्या कागदावर मात्र दोघं एकाच बाकावर बसतात."

प्रवेशाच्या दिवसांत माझ्या टेबलाभोवती गर्दी असे. मी कोणतेही व्यसन करणार नाही, असे प्रतिज्ञापत्र महाविद्यालयाला प्रत्येक विद्यार्थ्याकडून लागे. त्याचा मसुदा मीच घडविला होता. धूम्रपान, मद्यपान, गांजा, गुंगीची औषधे, सर्वांचा त्यात क्रमवार उल्लेख होता. एकदा सर शेजारी उभे राहून मी लिहीत असलेले पाहत होते.

"यातलं एक तरी पोरगं तुम्ही पाहिलंय का?" त्यांनी विचारले.

"बाप सही करतो, मुलगा सही करतो. मी पाहण्याचे कारण काय?"

"कागद कपाटात राहतो, भाऊसाहेब. पोरगं टपरीवर राहतं." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "वास येतो तोवर मला घोर नसतो. वास येतो म्हणजे पोरगं अजून सापडण्यासारखं आहे. वास लपवायला शिकलं की हातचं गेलं."

त्या वर्षी माझ्या मुलाचे, निखिलचे, प्रतिज्ञापत्रही मीच लिहिले. कागद चांगला निवडला, अक्षर विशेष काढले. पुढच्या वर्षी एका दुपारी सर माझ्या टेबलाशी आले. दोन पक्षकार बसले होते. ते उठून जाईपर्यंत सर उभे राहिले आणि मग वाकून हळूच म्हणाले, "निखिलच्या बोटांना गांजाचा वास येतोय. महिना झाला. मी बोलतोय त्याच्याशी, ऐकतोय तो. पण घरीही कोणीतरी बसायला पाहिजे त्याच्यापाशी."

मी उत्तर दिले, "त्याचे प्रतिज्ञापत्र मी स्वतः लिहिलेले आहे."

माझे म्हणणे सरांना कळले नसावे. आज मलाही कळत नाही. त्या दिवशी मात्र मला ते उत्तर पुरेसे वाटले होते. मी माझ्या हाताने लिहिलेले खोटे असू शकते, हे माझ्या मनाला शिवलेच नाही.

संध्याकाळी मी निखिलला विचारले. तो मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला, "पप्पा, टेन्शन नका घेऊ. ते सर क्रॅक आहेत. दार बंद करून पोरांचे हात पकडतात, हुंगतात. कोणालाही विचारा."

मी कोणालाही विचारले नाही. मला हवे ते वाक्य मिळाले होते. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या नावे मी तक्रार अर्ज लिहिला. 'सदर कर्मचारी विद्यार्थ्यांना मागील खोलीत नेतो, आतून दार लावतो, त्यांचे हात धरतो व हुंगतो. याबाबत कोठेही वाच्यता होत नाही.' त्या अर्जात एकही शब्द खोटा नव्हता. सर हे कशासाठी करतात, एवढेच मी लिहिले नाही. बावीस वर्षांत मी तेच शिकलो होतो. खोटे लिहिले तर अर्ज पडतो. काय गाळायचे ते कळले की अर्ज टिकतो.

खाली माझी सहीदेखील नव्हती. अर्ज लिहिणाऱ्याने सही करायची नसते, अशी मी माझी समजूत घातली. खडोलीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या तीन पालकांच्या सह्या मी घेतल्या. त्यांतले नंदुरबारकडचे पवार पेन हातात घेत म्हणाले, "तुम्ही लिहिलं म्हणजे बरोबरच असणार, भाऊसाहेब. कुठं करू सही?"

महिनाभराने सर कारणे दाखवा नोटीस घेऊन माझ्याकडेच आले. सोबत तक्रारीची प्रत होती. त्यांनी ती माझ्यासमोर पसरली आणि 'नम्रतापूर्वक परंतु ठामपणे' या शब्दांवर बोट ठेवले. बराच वेळ ते बोट तेथेच होते. रागावले असते तर मी भांडलो असतो.

"उत्तर लिहून द्या," ते म्हणाले. "चांगलं लिहा. नोकरीचा प्रश्न आहे. कंत्राटी माणसाला दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही."

मी पेन उघडले. "वास कोणाच्या हाताला आला, ते लिहावे लागेल. एक नाव दिले तरी तक्रार पडेल."

"नाव नाही द्यायचं."

"मग उत्तर उभे राहत नाही, सर."

"नाही राहिलं तर नाही. पोराच्या नावापुढे एकदा लागलं की पुसलं जात नाही. त्यातल्या एका पोरानं तेवीस दिवस गांजाला हात लावलेला नाही. त्याला आत्ता उघडं पाडू?"

तो एक कोण, हे आम्हा दोघांनाही माहीत होते. एका ओळीत मला सारे उलटवता आले असते. 'तो मुलगा माझा आहे' असे लिहून खाली माझी सही केली असती, तर प्राचार्यांना दुसरे काही वाचावे लागले नसते. ती ओळ माझ्या पेनाच्या टोकाशी आली होती. मी ती लिहिली नाही. सुरेख भाषेतले, पोकळ उत्तर लिहून दिले. सरांनी ते वाचले, घडी घातली आणि नेहमीप्रमाणे विचारले, "किती झाले?" मी मान हलवून नको म्हटले. त्यांनी तरीही टेबलावर नोट ठेवली.

त्यांचे कंत्राट पुढे वाढविण्यात आले नाही. डोकमर्डीतली भाड्याची खोली रिकामी करून ते धुळ्याकडे आपल्या गावी गेले. मागच्या खोलीला कुलूप लागले. सर गेले त्या आठवड्यात निखिल कॉलेजला गेला नाही. मी मनात म्हटले, बरे झाले, त्या खोलीतून सुटला.

नंतरचे थोडक्यात सांगतो. काही महिने त्याच्या कपड्यांना धुराचा वास येई, मग वेलदोड्याचा, मग अत्तराचा. पुढे कसलाच येईना आणि मला समाधान वाटले. मग त्याच्या बुटांत गोळ्यांची रिकामी पाकिटे निघाली. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला तो बसलाच नाही. आता दुपारपर्यंत झोपतो, उठला की दाराकडे बघत बसतो. त्याची आई त्याच्याशी बोलते. माझ्याशी तो एकदाच बोलला. "सर मला पुस्तकं शिवायला लावायचे. तेवढा वेळ डोकं शांत राहायचं. तुमचा अर्ज वाचलाय मी, पप्पा. सर गेले, तेव्हा मीही प्रयत्न सोडला."

दोन वर्षे मी एक कोरा कागद घडी करून खिशात बाळगला. गेल्या हिवाळ्यात धुळ्याला गेलो. तेथील बसस्थानकाच्या बाकावर बसून तो लिहून काढला. प्राचार्यांच्या नावे, माझ्या सहीने, सर्व काही. माझे ते वाक्य त्यात कोठेच बसेना, म्हणून सोडून दिले.

सर गावी घराच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत होते. मला पाहून त्यांनी शेंगांची पाटी बाजूला सारून जागा केली. "या भाऊसाहेब." मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा शोधला नाही. कागद नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"शाई आजची आहे," ते म्हणाले.

कागद न वाचता त्यांनी तो माझ्या गुडघ्यावर ठेवला. "मला आता कॉलेजात कोण घेणार? ते राहू द्या. निखिल कसा आहे?"

अर्जात कोणते वाक्य कोठे ठेवावे हे मला कळते. तेथे मला एकच वाक्य सुचले आणि ते मी बोलून गेलो.

"गोळ्या घेतो, सर. त्यांना वास नसतो."

सरांनी माझा उजवा हात हातात घेतला. मला वाटले, हुंगतील. त्यांनी तो नुसता धरून ठेवला आणि थोड्या वेळाने पाटीतल्या निवडायच्या शेंगांवर ठेवून दिला.