नाव न घेणारा माणूस

माणूस ओळखावा तर माझ्या सासऱ्यांनीच. त्या कामात त्यांचा हात धरणारा साऱ्या मराठवाड्यात कुणी झाला नाही, आणि झाला असलाच तर सासऱ्यांनी त्यालाही लांबूनच ओळखलं असतं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दोनशेच्या कळपात कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे ते नुसतं तोंड बघून सांगत. आम्हा शिकल्यासवरल्या लोकांना तिथे एकच मेंढरू दोनशे वेळा दिसतं. पुढे पैठणचं धरण झालं, चराईची रानं पाण्याखाली गेली, आणि चितेगावला कारखाने उभे राहू लागले तेव्हा सासरे एका कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. कळप बदलला, राखण तीच, असं ते स्वतःच म्हणायचे.

गेटपास नावाच्या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते माणसाचं चालणं बघत. मी त्याच कंपनीत टाइम ऑफिसला नवा लागलो होतो. एकदा पाय मुरगळल्यामुळे लंगडत गेटवर आलो, तर त्यांनी मला अडवलं. मी पास पुढे केला. त्यांनी पास बघितला, मला बघितलं आणि म्हणाले, "फोटू त्याचाच हाय. पण तो असा चालत नाय." अर्धा तास मी उन्हात उभा! शेवटी साहेबांनी येऊन सोडवलं. पुढे याच गृहस्थांनी मला मुलगी दिली, तीही पत्रिका वगैरे न बघता, दोन वर्षं गेटवरून माझं येणंजाणं बघून.

नामांतराच्या दिवसांत, विद्यापीठाच्या नावावरून गावंच्या गावं पेटलेली असताना, एका दुपारी एस.टी. बंद झाली आणि सकाळच्या पाळीची माणसं कंपनीतच अडकली. सासऱ्यांनी सगळ्यांना गेटबाहेर काढून मोजलं. चौतीस भरले. मग काठी घेऊन स्वतः मागे राहिले आणि मेंढरांना घालतात तसली हाळी घालत त्यांनी आम्हाला शहराच्या वाटेला लावलं. एरवी फोरमनला न जुमानणारे गडी मुकाट चालत होते, मीही त्यांतच होतो. वाटेत एका फाट्यावर दहाबारा जण दगड घेऊन उभे. "ह्यांच्यात नामांतरवाले किती हायत?" एकाने विचारलं. आमच्यात पाच जण दलित वस्तीतले होते, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सासरे सावकाश पुढे आले. "चौतीस हायत," ते म्हणाले. "चौतीस मोजून निघालोय, चौतीस पोचवणार. तेहतीस झाले तर जाब मला द्यावा लागंल. सरका." काय वाटलं कोण जाणे, पण माणसं सरकली. शहरातल्या क्रांती चौकात पोचल्यावर त्यांनी आम्हाला पुन्हा मोजलं, आणि ड्युटी संपायची होती म्हणून एकटेच पायी माघारी गेले.

कंपनीतल्या झाडून साऱ्यांची नावं तोंडपाठ असलेल्या या माणसाने एक नाव मात्र जन्मात उच्चारलं नाही, ते म्हणजे बायकोचं. त्यांच्याकडे नवऱ्याने बायकोचं नाव घ्यायची रीतच नव्हती. पण सासऱ्यांनी त्या रीतीचंही टोक गाठलं होतं. लग्नात कुणीतरी थट्टेने "नाव घ्या" म्हणाल्याबरोबर नवरदेव मांडवातून उठून थेट मेंढरांत जाऊन बसले होते. सासूबाईंना हाक म्हणजे "ऐकलं का". रेशनकार्डाच्या वेळी कारकुनाने पत्नीचं नाव विचारलं, तर हे घरी परत आले आणि मुलीला सोबत घेऊन गेले.

अशा माणसाला विस्मरणाचा आजार व्हावा! सुरुवातीला ते शेजाऱ्यांच्या नावांची अदलाबदल करायचे आणि आम्ही हसायचो. आमच्या त्या हसण्याची मला आज लाज वाटते. पुढे एक दिवस त्यांनी मलाच घराच्या दारात अडवलं आणि पास मागितला. माझं लंगडणं कधीच संपलं होतं, मी माझ्या नेहमीच्या चालीने आलो होतो. ट्रंकेतून जुना गेटपास शोधून काढला आणि तेव्हापासून तो खिशात ठेवू लागलो. जन्मभर ज्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, ते कार्ड आता निरखून बघून ते मला आत सोडत.

डॉक्टरांनी तपासताना प्रश्न विचारले. वार कुठला, महिना कुठला, शंभरातून सात गेले किती. आणि मग, "आजोबा, तुमच्या बायकोचं नाव काय?" सासऱ्यांनी मान खाली घातली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि ते नुसतेच हसले. डॉक्टर कागदावर काट मारू लागले तशा सासूबाई पुढे झाल्या. "ते खोडा, डॉक्टरसाहेब. ह्यांनी कधीच नाव घेतलेलं नाय. लाजतेत ते. लाज हाय म्हंजी वळख हाय." डॉक्टर पेचात पडले. असल्या उत्तराची सोय त्यांच्या कागदावर नव्हती. अखेर त्यांनी अर्धा गुण दिला. बाकीचा कागद जवळपास कोराच होता, पण सासूबाई त्या अर्ध्या गुणावर सहा महिने जगल्या.

अशा रुग्णांच्या घरच्यांना आधार देणारी काही मंडळी दर महिन्याला एका सभागृहात जमत. त्यांनी एकदा याच आजारावरचा सिनेमा दाखवला. आम्ही दोघांनाही घेऊन गेलो. पडद्यावरचे आजोबा मोठे देखणे, विसरतानासुद्धा त्यांचा सदरा इस्त्रीचा! ते एकटेच नदीकडे चालू लागले तेव्हा आमचे सासरे ताडकन उभे राहिले. "अरं धरा की त्याला कुणी! कळप सोडून चाललाय!" सभागृह हसलं आणि लगेच गप्पही झालं, कारण प्रत्येक रांगेत तसं एकेक माणूस बसलेलं होतं. शेवटच्या प्रसंगात त्या आजोबांनी बायकोचा हात धरून तिला नावाने हाक मारली. सगळे डोळे पुसत होते. माझी बायको सुमन तर हुंदके देत होती. सासूबाईंनी तेवढा पदर तोंडाला लावला. "चारचौघांत बायकूचं नाव घेतंय! येडंच झालंय खरं."

नंतर कार्यकर्तीने त्यांना सिनेमा कसा वाटला ते विचारलं. "चांगला हाय," सासूबाई म्हणाल्या. "पण त्याची कापडं कोण धुतं ते नाय दाखवलं. अन् ती बाई एकडाव बी खेकसली नाय त्याच्यावर. मी लई खेकसते." मग मागून एक बाई म्हणाली, "मी पण." मग आणखी एक. त्या दिवशी खरा आधार मिळाला असेल तर तो या दोन शब्दांचा.

त्यानंतर महिनाभराने, सकाळी अंगणात सासरे बाजेवर बसले होते. सासूबाईंनी चहा आणून दिला. त्यांनी कप घेतला, वर बघितलं आणि अदबीने विचारलं, "बाई, नाव काय तुमचं?"

सासूबाई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "गिरजा."

"गिरजाबाई," सासरे म्हणाले, "लई चांगला केलाय बघा चा."

सुमन आतून धावत आली. तिला अगदी सिनेमाच आठवला असणार. "आई, ऐकलंस? दादांनी तुझं नाव घेतलं!"

"घेतलं गं बाई," सासूबाई म्हणाल्या. "पण लाजले नाय."

आता ते दिवसातून दहा वेळा नाव विचारतात आणि दहा वेळा घेतात, तेही अहोजाहो करून. सासूबाई प्रत्येक वेळी नाव सांगतात, हाकेला ओ देतात, आणि मग घरात जाऊन बराच वेळ बाहेर येत नाहीत.