एफ्रेम कॅल्व्हर्टला दमायला येत नसे

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होईपर्यंत एफ्रेम कॅल्व्हर्ट एकदाही दमला नव्हता. म्हणजे तसं त्याचं म्हणणं होतं. यॉर्कशायरातल्या आमच्या खोऱ्यात "मी दमलो" असं म्हणायची पद्धतच नाही. कुणी "कसं काय?" विचारलं की "वाईट न्हाई" एवढं सांगून मोकळं व्हायचं, पाय प्लास्टरात असला तरी. माझ्या चुलत आजोबांनी मरणाच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबांना "वाईट न्हाई" सांगितलं, आणि ते बिचारे "मग पुढच्या आठवड्यात येतो" म्हणून टोपी घालून निघून गेले.

पण एफ्रेम त्याच्याही पुढचा. गवत कापता कापता मध्येच बांधावर टेकला तर म्हणायचा, "बसलो न्हाई, गवताचा अंदाज घेतोय." चर्चमध्ये घोरायला लागला आणि कुणी कोपर मारलं तर, "डोळं मिटून ऐकतोय, नीट ऐकू येतं." जिन्यात अर्ध्यावर थांबून धापा टाकायचा, तेव्हा तो भिंतीची ओल तपासत असे. ओल फार होती त्या भिंतीला. दिवसातून चारदा तपासावी लागे.

त्याच्या या ताठ्यापायी मरत होती ती त्याची सून, हिल्डा. गोठ्यात चौदा गाई. त्यातल्या दोन एफ्रेम काढायचा, पाच त्याचा मुलगा विल्फ, आणि उरलेल्या सात हिल्डा. सकाळी सात, संध्याकाळी सात, हातानं. शेजारीपाजारी सगळीकडे इंजिनावरचं दूध काढायचं यंत्र आलं होतं. चार वर्षांपूर्वी विल्फनं भीत भीत विषय काढला, तर म्हातारा गरजला, "यंत्रं दमलेल्या लोकांसाठी असतात. ज्या दिवशी माझ्या तोंडून 'दमलो' निघंल, त्या दिवशी खुशाल आणा." शेत त्याच्या नावावर, त्यामुळे शब्द त्याचा. हिल्डाची मनगटं रात्री इतकी सुजायची की सकाळचा पहिला कप ती दोन्ही तळव्यांत धरून प्यायची, लहान मुलासारखी. बोलायची मात्र नाही. तीही आता आमच्यातलीच झालेली.

त्रेपन्न सालच्या शरद ऋतूत मिस ॲव्हरिल स्टोक्स सायकलवरून आली. विद्यापीठातून. जुन्या लोकांची बोली टिपून घ्यायचं काम. तिला हवा होता खोऱ्यातच जन्मलेला, खोऱ्याबाहेर न गेलेला, आणि तोंडात दात शाबूत असलेला म्हातारा. अशा तिन्ही अटींत बसणारा एफ्रेम एकटाच. तो तर खूश झाला. तीन दिवस रोज दुपारी स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसून त्यानं नांगर, मेंढ्या, चीज, पाऊस, सगळ्याची नावं सांगितली. मिस स्टोक्सचा नियम एकच. जो शब्द हवा तो तिनं स्वतः उच्चारायचा नाही. माणसाच्या तोंडून काढायचा.

तिसऱ्या दिवशी तिनं पान उलटलं.

"मिस्टर कॅल्व्हर्ट, समजा तुम्ही दिवसभर गवत कापलंत. संध्याकाळी घरी आलात. खुर्चीत बसलात. आता उठवत नाही. तेव्हा तुम्ही म्हणता, मी..."

"मी म्हणतो, चहा आण."

"चहा प्यालात."

"मग म्हणतो, बूट काढ."

"बूटही काढले. तरी उठवत नाही. का बरं?"

"बूट काढल्यावर कोण उठतं, पोरी?"

ओट्याशी पीठ मळणाऱ्या हिल्डाचे हात थांबले. प्रश्न कुठे चाललाय ते तिच्या ध्यानात आलं होतं.

मिस स्टोक्सनं वही बाजूला ठेवली. उठली. खांदे पाडले, मान लोंबती सोडली, पाय ओढत ओढत टेबलाला एक चक्कर मारली आणि बाकावर कोसळली. इतकं झकास केलं की मला वाटतं, नाटकात जायची ती चुकून विद्यापीठात गेली असावी.

एफ्रेमनं बारकाईनं बघितलं. "मेंढी अशी चालायला लागली की खूर कापायचं."

"मेंढी नाही, माणूस!"

"माणूस? मग प्यालाय."

"प्यायलेला नाही! फार काम केलंय त्यानं."

"आमच्यात फार काम केलेला माणूस असा चालत न्हाई."

"कसा चालतो?"

"सरळ."

हिल्डानं पिठाचा गोळा धाडकन परातीत आपटला. "बाबा, सांगा की तिला! एक शब्द तर पाहिजे!"

"मला येत असंल तर सांगंन ना! जे झालंच न्हाई त्याला काय म्हणतात ते मला कसं ठाऊक? तूच सांग, तुला लई माहिती."

खरं तर हा टोमणा होता. पण हिल्डाला या घरात एकोणीस वर्षांत कुणी पहिल्यांदाच विचारलं होतं. तिनं पिठाचे हात पुसले नाहीत की श्वास घेतला नाही.

"सांगते! पहाटं सात गाई काढल्या की हात भरून येतात. न्याहारी, भांडी झाली की अंग आंबतं. धुणं पिळलं की कंबरंचा काटा ढिला. कोंबड्या, लोणी, रोट्या झाल्या की पिट्ट्या पडतो. संध्याकाळच्या सात गाईंना मेटाकुटीला येते. जेवण वाढताना हातपाय गळालेले, आवराआवर करताना जीव अर्धा, आणि जिना चढताना माझा नुसता चोथा झालेला असतो चोथा!"

मिस स्टोक्सनं वही ओढून पेन्सिल उचलली. "अप्रतिम! आणि रविवारी?"

"रविवारी हेच सगळं. वर टोपी घालून चर्च."

"तुमचा जन्म याच खोऱ्यातला ना?"

"न्हाई. पलीकडच्या. टेकडी उतरलं की."

पेन्सिल खाली आली. "अरेरे. मग नाही लिहिता येणार. नियम आहे. तुम्ही इथल्या नाही."

आता, लग्न होऊन आल्यापासून हिल्डाच्या प्रत्येक गोष्टीवर एफ्रेमचा एकच शेरा असायचा, "पलीकडच्यांना काय कळतंय." पण परक्या बाईनं तेच म्हटलेलं त्याला खपलं नाही.

"हितली न्हाई? मग दमली कुठं ती? पलीकडं जाऊन दमून येती काय? माझ्या गोठ्यात दमली, माझ्या चुलीपुढं दमली! लिही!"

"पण तुम्ही स्वतः तसं म्हणत असाल तरच मला लिहिता येईल. आणि 'आमच्यात म्हणतात' असं चालत नाही. तुमच्याच तोंडून, तुमच्याबद्दल."

दारात विल्फ दोन बादल्या घेऊन उभा होता. दूध काढायची वेळ झाली म्हणून बोलवायला आलेला, तो तिथेच खिळला.

एफ्रेमनं हिल्डाकडे पाहिलं. "हात बघू."

तिनं हात एप्रनखाली घेतले. "वाईट न्हाई."

"बघू म्हणतो ना."

तिनं दाखवले. पिठात माखलेले असूनही मनगटं कुठं संपतात आणि पंजा कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. म्हाताऱ्यानं बराच वेळ पाहिलं. मग शेगडीकडे तोंड करून, चोरी कबूल करावी तसं तो पुटपुटला, "दमलो."

"जरा मोठ्यानं म्हणाल का?" मिस स्टोक्स म्हणाली. "मला उच्चार टिपायचाय."

"दमलो."

"शेवटचा स्वर लांब आहे का? पुन्हा एकदा?"

"दमलो! दमलो, दमलो, दमलो! साठ वर्षं दमलोय! पुरं झालं का?"

विल्फनं बादल्या हळूच खाली ठेवल्या. "बाबा, आम्ही ऐकलं बरं का."

"ऐकशील न्हाई तर काय! सगळ्या खोऱ्यानं ऐकलं आसंल!"

पण एकदा बांध फुटल्यावर म्हातारा काही थांबेना. हिल्डाचा एकेक शब्द मागून घेऊन तो स्वतःला लावून बघायला लागला, दुकानात कोट घालून बघावा तसा. आंबलो. मेटाकुटीला आलो. पिट्ट्या पडला. "चोथा झाला" तर त्याला इतका आवडला की तो त्यानं दोनदा लिहायला लावला. मग त्यानं बूट काढले, पाय स्टुलावर ठेवले आणि मागे रेलला. अंदाज वगैरे काही घेत नव्हता. नुसता रेलला.

गोठ्यातून हंबरणं ऐकू आलं.

"चला बाबा," हिल्डा म्हणाली. "तुमच्या दोन गाई."

"माझ्या गाई?" एफ्रेमनं एक डोळा उघडला. "अगं पोरी, मी दमलोय. विद्यापीठाच्या वहीत लिवलंय."

हिल्डा विल्फकडे वळली, तर दारात फक्त दोन बादल्या. म्हाताऱ्याचं मन फिरायच्या आत यंत्र सांगून यावं म्हणून विल्फ मिस स्टोक्सचीच सायकल घेऊन गावाकडे सुटला होता. त्या संध्याकाळी हिल्डानं एकटीनं चौदा गाई काढल्या. ती म्हणते, तेवढ्या हलक्या हातानं तिनं जन्मात दूध काढलं नव्हतं.