कुलूपमावशीचे रविवार

आमच्या घराला पाटी नव्हती. खाली शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान, बाजूने अंधारा जिना, आणि वरचे दोन मजले आमचे. कपडे आतल्या खोलीत वाळायचे, कारण बायकांचे एवढे कपडे एका दोरीवर दिसले की शेजारी हिशोब मांडायला लागतात. चपलाही आतच काढायच्या, आणि येताना रिक्षा अलीकडच्या चौकात सोडायची. घरच्या मारहाणीतून निसटलेल्या बायका पुढची सोय लागेपर्यंत इथे राहत. मी फोनवर बसायची, म्हणून सगळ्यांची फोनवाली. आणि स्वयंपाकघर, किल्ल्या, दार हे सगळं जिच्याकडे होतं, ती कुलूपमावशी. ते घर आता तिथून हललंय, मावशीही थकलीय, म्हणून हे सांगायला हरकत नाही. तरी खुणा मी बदलल्या आहेत. सवय जात नाही.

कुलूपमावशी हे नाव किल्ल्यांमुळे पडलं असं नव्या मुलींना वाटे. किल्ल्या काय, कुणीही सांभाळतं. पण ह्या बाईच्या पोटात शिरलेली गोष्ट पुन्हा कुणाच्या कानावर आली नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे सुरुवातीला मला तिचा रागच यायचा. चहा पिताना समोर बसायची आणि भाज्यांच्या भावापलीकडे अक्षर नाही. बाजारात आमच्याकडे राहून गेलेली एखादी बाई दिसली, तर मावशी तिच्या अंगावरून पुढे जायची. ओळख आधी त्या बाईने दाखवायची, आपण नाही, हा नियमच होता. अर्ध्या गावाला ओळखणारी आणि कुणाशीच न बोलणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

नव्याने आलेल्या बाईला काही विचारायचं नाही, हाही नियम. कुठून आलीस, कुणी मारलं, का मारलं, काही नाही. ती सांगेल तेव्हा सांगेल. दार उघडलं की मावशी एकच विचारायची, "जेवलीस का?" बाकीचं दीदी बघायच्या. दीदी म्हणजे आमच्या घराच्या प्रमुख.

मावशी विधवा, मूलबाळ नाही, एका खोलीत एकटी राहणारी. तिचं म्हणून जे काही जग होतं ते रविवारी दुपारी, थोरल्या भावाच्या घरी. आई गेल्यावर ह्या दादानेच तिला वाढवलं होतं. त्याचा मुलगा, म्हणजे मावशीचा भाचा, तिच्या मांडीवर लहानाचा मोठा झाला. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, एवढंच तिने त्यांना सांगितलं होतं. रविवार आला की बाई आदल्या दिवसापासून वेगळी दिसायची. एरवी कळकट साडीत वावरणारी, पण शनिवारी इस्त्रीची साडी दाराच्या खिळ्याला टांगलेली असायची.

आणि एका भर दुपारी मावशीने दार उघडलं, तर समोर तिच्या भाच्याची बायको.

मी फोनपाशीच होते. मुलगी डोळे बारीक करून बघत होती, तिला चष्म्याशिवाय धड दिसत नव्हतं. माणूस ओळखू आलं तशी ती मागे सरली. पायरी चुकली आणि भिंतीला धरून कशीबशी उभी राहिली. "आत्या, तुम्ही?" एवढंच बोलली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी विसरणार नाही. आगीतून निघाले ती फुफाट्यातच आले, असं तिला वाटलं असणार. मावशीचा हात दाराच्या कडीवर तसाच राहिला. मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "जेवलीस का?"

दीदींनी मुलीला दुसरीकडे हलवायचं म्हटलं, पण कुठेच जागा नव्हती. मग त्यांनी मावशीला समोर बसवून विचारलं, जमेल का? मावशी म्हणाली, जमेल. मुलीला मात्र काही केल्या पटेना. ती मावशीच्या हातचं ताट घेईना, मी वाढलं तरच जेवायची. भाच्याच्या कर्तृत्वाबद्दल मावशीला जे कळलं ते मुलीच्या दंडावरचे वळ बघून कळलं. तो हिचा चष्मा लपवून ठेवायचा, म्हणजे ही उंबरठ्याबाहेर जाणार नाही. मावशी त्या दिवशी भांडी घासत बसली. स्वच्छ भांडी पुन्हा घासत होती.

रविवारी ती गेलीच. गेली नसती तर संशय आला असता. पण तिथे तिची चूक झाली, आणि ती चूक आमच्या धंद्यातलं माणूसच करू शकतं.

भावाच्या घरी सगळं गाव गोळा झालेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, असा प्रकार. सून कुठे गेली, कुणाबरोबर गेली, विहिरी पाहिल्या का, माहेरी फोन केला का, जो येईल तो हेच विचारत होता. मावशी आत शिरली, चपला सवयीने उचलून आत घेतल्या, भावाकडे बघितलं आणि विचारलं, "जेवलात का?"

दुसरं काही विचारलंच नाही. इतकी वर्षं न विचारण्याची सवय. विचारायला हवं होतं हे तिच्या ध्यानातच आलं नाही. पण वहिनीच्या आलं. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईला कोण काय बोललं नाही हे आधी ऐकू येतं.

वहिनीने तिला स्वयंपाकघरात बोलावलं. बाहेर भाचा टीव्ही लावून बसलेला. वहिनीने डब्यांच्या मागून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढून ओट्यावर ठेवली. सुनेचा चष्मा.

"त्याच्या कपाटात मिळाला," वहिनी हळू आवाजात म्हणाली. "घेऊन जा. तिला ह्याच्याशिवाय दिसत नाही."

मावशीला तो घ्यायचा होता. हे तिने मला खूप वर्षांनी, ते घर हलल्यावर, वाटाणे सोलता सोलता सांगितलं, आणि हातातली शेंग तशीच धरून बसली. पण आमच्याकडे पूर्वी एक प्रसंग घडला होता. एका स्वयंपाकीणबाईने एका मुलीच्या आईला नुसतं सांगितलं, काळजी करू नका, ती बरी आहे. संध्याकाळी नवरा चार माणसं घेऊन जिन्यात. सगळं घर रातोरात हलवावं लागलं. ती बरी आहे हे ज्याला माहीत, त्याला ती कुठे आहे हेही माहीत असतं. वहिनीचा हेतू चांगला होता, मावशीला त्यात शंका नव्हती. पण वहिनी त्याच घरात राहत होती आणि टीव्हीचा आवाज मध्येच कमी झाला होता.

"मला कशाला देतेस, वहिनी?" मावशी जरा मोठ्यानेच म्हणाली. "ती आली की तिलाच दे."

वहिनीने तिच्याकडे बघितलं, रुमाल पुन्हा गुंडाळला आणि डब्यांच्या मागे ठेवला.

पुढच्या रविवारी दादा दारातच उभा होता. वहिनीने त्याला काय सांगितलं, सांगितलं की नाही, कोण जाणे. तो आठवडाभरात वाळला होता. ज्या माणसाने हिला वेणी घालून शाळेत पाठवलं, तो माणूस हिच्यापुढे हात जोडून उभा.

"पत्ता नको सांगूस," तो म्हणाला. "एवढंच सांग, जिवंत आहे ना पोर?"

"मला काय माहीत, दादा."

"मग रविवारची येत जाऊ नकोस."

ती आली ती सरळ आमच्याकडेच आली. सुट्टी असून ओट्याशी उभी राहिली आणि कणीक मळायला घेतली. त्यानंतरचे सगळे रविवार तिने आमच्याकडेच काढले. शनिवारी खिळ्याला साडी दिसेनाशी झाली. मी एकदा म्हटलं, माझ्या घरी येत जा. नको म्हणाली. मला राग आला, वाईटही वाटलं. एखाद्याने किती एकटं राहावं, ह्याला काही हद्द असते.

मुलीचा नवा चष्मा दीदींनी करून आणला. तो लावून तिने खिडकीबाहेर बघितलं, भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग स्वयंपाकघरात जाऊन मावशीच्या हातचं ताट घेतलं आणि तिथेच पाटावर बसून जेवली. मावशीचा जीव भांड्यात पडला, पण तोंडावर काही नाही. दूरच्या गावी काम मिळालं तेव्हा निघताना मुलगी म्हणाली, "आत्या, आईंना एवढं सांगाल, मी बरी आहे?" मावशी तिच्या पिशवीची चेन लावत राहिली. चष्म्याबद्दलही ती बोलली नाही. सासूने आपल्या मुलाचं कपाट उचकून तो काढला होता, हे त्या मुलीला आजही माहीत नाही. आणि सासूला सुनेचा निरोप माहीत नाही. दोन्ही ह्या एका बाईच्या पोटात.

बरेच महिने गेले. एका सकाळी मावशी बाजारातून आली ती नेहमीपेक्षा लवकर, आणि पिशवी अर्धी रिकामी. मी फोन खाली ठेवतच होते. ती माझ्यासमोर येऊन बसली, असं ती कधी बसत नसे.

भाजीवाल्यापाशी वहिनी भेटली होती. एकटीच होती. मावशी नियमाप्रमाणे अंगावरून पुढे निघाली, तर वहिनीने तिचा हात धरला. कुठे आहे, कशी आहे, काही नाही. सून हा शब्दही नाही. नुसतं विचारलं, "जेवलीस का?"

"मग?" मी म्हटलं.

"हात सोडवला आणि आले. तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर पडलं असतं." तिने पिशवीतली मिरच्यांची पुडी काढली, उगाच सोडली, पुन्हा बांधली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर तिचे डोळे भरले.

"जेवले नव्हते गं," ती म्हणाली. "तेवढं तरी खरं सांगता आलं असतं."