ब्रेड आणला म्हणजे कुणीतरी आजारी

तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं, त्या वर्षांत मी तिथल्या एका ठेकेदाराच्या कचेरीत टायपिस्ट होते. पालघर ते बोईसर गाडीनं, पुढं मिळेल त्या ट्रकनं. एका परदेशी इंजिनिअरची बायको मायदेशी परतताना घरचं सामान विकत होती. बाकीच्या बायका कपबशांवर तुटून पडल्या आणि मी एक अजब वस्तू पटकावली. लांब दांड्यांचा, पोटात पोकळ असा लोखंडी चिमटा. त्यात ब्रेडचे दोन स्लाइस, मधे सारण. दांड्या आवळायच्या आणि स्टोव्हवर धरायचं.

बाई त्यात चीज घालायची. मी सातपाटीचा जवळा घातला! भाजलेली ती इवलीशी सुकी कोळंबी, कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, थोडं ओलं खोबरं. बाहेरून लोणी. चिमटा उलटा केला की कडेनं लोणी चरचरायचं, आणि आळीतल्या सगळ्या मांजरी आमच्या मागच्या दारी सभा भरवायच्या.

दर शनिवारी मी बोईसरहून ब्रेड आणायची. पालघरात तेव्हा ब्रेड आजाऱ्यानं खायचा. डॉक्टरच सांगायचे, दूध-ब्रेड द्या. शेजारीण विचारायची, "कोण पडलंय गं?" मी कपाळावर हात ठेवून म्हणायची, "मीच! मला शनिवारचा ताप येतो." ती हसायची. पण घरी जाऊन काय बोलायची, ते मी कधी मनावर घेतलं नाही.

घ्यायला हवं होतं. माझ्या धाकट्या बहिणीचं उमरोळीच्या एका घरी जवळजवळ ठरलं होतं. आणि तिला दिवाळीपासून खोकला होता. कोरडा, बारीक. धुळीचा असेल, असं आई म्हणायची, आम्हीही म्हणायचो. सडपातळ मुलीच्या खोकल्याला दुसरंही एक नाव होतं. ते आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं.

नवऱ्या मुलाचा मामा शनिवारी उमरोळीला माझ्या परतीच्या गाडीत चढायचा, पालघरच्या बाजाराला. समोर मी, मांडीवर ब्रेड. एकदा नव्हे, सलग चार शनिवार.

पाचव्या शनिवारी तो मुलाच्या आईला घेऊन थेट दारात. तिच्या पिशवीत मोसंबी.

"कशाला उगाच?" बाबा म्हणाले.

"आजाऱ्याला," मुलाची आई म्हणाली. "कोन हाय तो?"

"आमच्याकडं कुणी आजारी नाही."

"मंग दर शनवारी पाव कोन खातं?"

"मी," मी म्हणाले.

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? तू तर चांगली गरगरीत हायेस!"

मामा फिस्सकन हसला. मला चेव आला. म्हटलं, या स्वयंपाकघरात, दाखवतेच! स्टोव्हला पंप मारला, पदर खोचला, आणि जादूगारासारखा चिमटा फिरवला. मिरच्याही जरा जास्तच टाकल्या. पहिलं सँडविच खरपूस उतरलं. मी बशी मुलाच्या आईपुढं धरली. तिनं ती माझ्या बहिणीकडं सरकवली.

"आदी तिला दे. मिरची किती घातलीस ती मी बगितली. आजारी मान्साला सोसायची नाय."

तेव्हा कुठं मला बहिणीचा खोकला आठवला. बहिणीनं घास घेतला. तिचे कान लाल झाले, डोळे भरले. तिच्या गळ्याची शीर हलत होती, तीच मी बघत होते. साडीत तिची मूठ आवळलेली. तिनं सबंध सँडविच संपवलं आणि ती खोकली नाही.

"आता आमाला वाढ," बाई म्हणाली. दोन खाल्ली. "ब्येस हाय! सून आली की तिलाच करायला लावीन." मोसंबी ठेवून, मुहूर्ताचं बघा असं सांगून दोघं गाडीला गेली.

बहीण मागच्या अंगणात धावली. भिंतीला धरून ती वाकून वाकून खोकत होती. मी पाणी घेऊन गेले, माझ्या मस्तीतच. "काय नटी आहेस गं तू!"

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तो पदर उजेडात धरून निरखून पाहिला. रक्ताचा डाग नव्हता.

"रोज बघतेस?"

तिनं मान डोलावली. "ताई, मी ठणठणीत आहे असं तू आज सिद्ध केलंस. आता त्या घरात मला खोकायचीसुद्धा सोय राहिली नाही."

मी पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला आणि वळले.

आत बाबा पंचांग काढून बसले होते. मी म्हटलं, "आधी छातीचा फोटो काढू. सोमवारी. आणि उमरोळीला मी स्वतः जाऊन सांगते."

"जमलेलं मोडायला निघालीस?" बाबांचा आवाज चढला. आईनं माझं मनगट धरलं. "अगं, सांगायचं काय त्यांना? आपल्यालाच अजून काही माहीत नाही!"

"तेच सांगायचं," मी म्हटलं.

बहीण उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बाबांनी तिच्याकडं पाहिलं, तू तरी सांग हिला, अशा नजरेनं. तिला खोकला आला, आणि तिनं तो दाबला नाही.